मॉन्टगोमेरीचे गंजलेले खांब

आमचे वडील मुंबईच्या गोदीत चिपिंगचे काम करीत. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या बाजूला दोराने फळी टांगायची, तिच्यावर बसायचे आणि पत्र्यावरचा गंज हातोडीने टोकून टोकून काढायचा, हे ते काम. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळे तांबूस झालेले असे. आई त्यांना आंघोळीआधी घरात घेत नसे. गंज काढला की लाल ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर रंग. लोखंड उघडे ठेवायचे नाही, एवढी एकच धंद्यातली गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना शिकवली. आमच्या वस्तीतल्या पत्र्यांनाही दर मे महिन्यात डांबर लागायचे ते याच शिकवणीने.

म्हणून अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात आठशेहून जास्त लोखंडी खांब मुद्दाम गंजू दिलेले पाहिले तेव्हा पहिल्यांदा वडीलच आठवले.

वाचक विचारतील की कारकुनाला अमेरिका कशी परवडली. परवडली नाहीच. सौ.चा धाकटा भाऊ अटलांटाला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला मुलगी झाली, आणि ताईने बाळाला पाहायला यायलाच पाहिजे म्हणून तिकिटे त्यानेच पाठवली. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तीन आठवडे तिकडे होतो. पहिल्या आठवड्यात त्याने मोठे मत्स्यालय दाखवले, कोकाकोलाचे संग्रहालय दाखवले. कोकाकोलाच्या संग्रहालयात जगभरची थंडपेये फुकट पिऊन आमचे पोट बिघडले, ते असो. दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, ‘दाजी, आज तुमच्या आवडीचं दाखवतो. लांब जायचंय, पहाटे निघू.’

अटलांटा ते मॉन्टगोमेरी सुमारे २६० किलोमीटर. जॉर्जिया राज्य संपून अलाबामा लागते तिथे घड्याळ एक तास मागे करावे लागते. सौ. म्हणाली, ‘चला, एक तास फुकट मिळाला.’ रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाईनची झाडे, आणि जिथे जमीन खणलेली तिथे माती लालभडक, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. त्या मातीची आठवण पुढे येणार आहे.

मॉन्टगोमेरी ही अलाबामाची राजधानी, वस्ती सुमारे दोन लाख. रस्ते रुंद आणि रिकामे. पण एवढ्याशा गावात इतिहास दाटीवाटीने बसला आहे. भर चौकात १८८५ साली बसवलेले कारंजे आहे. गुलामगिरीच्या काळात या चौकात माणसांचे लिलाव होत. अलाबामा नदीतून आगबोटीने आणि पुढे आगगाडीने आणलेली माणसे धक्क्यावरून इथवर चालवीत आणीत. याच चौकात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बाई कामावरून घरी जायला बसमध्ये चढल्या आणि गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. त्यानंतर ३८१ दिवस इथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. चौकातून वर पाहिले की विधानभवनाचा पांढरा घुमट दिसतो. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाने १८६१ साली तिथेच शपथ घेतली. आणि तिथून हाकेच्या अंतरावर विटांचे लहानसे चर्च, जिथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग धर्मोपदेशक होते. हे सगळे पायी पाहून होते.

स्मारक एका टेकाडावर सहा एकरांत आहे. नाव ‘नॅशनल मेमोरियल फॉर पीस अँड जस्टिस’. २६ एप्रिल २०१८ रोजी ते लोकांना खुले झाले. ते सरकारने बांधलेले नाही. ब्रायन स्टीव्हन्सन या कृष्णवर्णीय वकिलांनी १९८९ साली सुरू केलेल्या ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने ते बांधले. मुळात ही फाशीची शिक्षा झालेल्या गरीब कैद्यांचे खटले लढवणारी संस्था. आजची फाशीची कोठडी कुठून आली हे शोधता शोधता ती लिंचिंगपर्यंत आणि तिथून गुलामगिरीपर्यंत मागे गेली.

लिंचिंग म्हणजे खटला नाही, न्यायाधीश नाही, जमावाने माणूस धरायचा आणि झाडाला, पुलाला लटकवायचा, जाळायचा. रात्रीच्या अंधारात चालणारा प्रकार नव्हे. पुष्कळदा दिवसाढवळ्या, बायकामुलांसह जत्रेसारखा. त्याचे फोटो काढून पोस्टकार्डे विकीत. १८७७ ते १९५० या काळातले असे ४,४०० हून जास्त कृष्णवर्णीयांचे बळी संस्थेने कागदपत्रे धुंडाळून नोंदले. नंतर १८६५ ते १८७६ या काळातले आणखी सुमारे दोन हजार सापडले.

आत शिरल्यावर डाव्या हाताला आधी एक शिल्पसमूह लागतो. घाना देशाचे कलावंत क्वामे अकोटो-बाम्फो यांनी तो केला आहे. त्याचे नाव ‘न्किइनकिइम’. त्यांच्या अकान लोकांत हे एक चिन्ह आहे, अर्थ वळणावळणाचा, म्हणजे आयुष्याची वाट सरळ नसते असा. काँक्रीटमध्ये घडवलेली पुरुषभर उंचीची माणसे, गळ्यात, हातात, पायात खऱ्या लोखंडाच्या बेड्या आणि साखळ्या. एका बाईच्या कडेवर तान्हे मूल आहे. ती हात पुढे करून ओरडते आहे आणि तिचा हात पोचत नाही. साखळ्या गंजलेल्या, आणि त्या गंजाचे ओघळ माणसांच्या छातीवरून, पाठीवरून, मांड्यांवरून खाली उतरलेले. वाळलेल्या रक्ताचा रंग असतो तोच. आम्ही पोचलो त्याआधी एक सर येऊन गेली होती. ओघळ ओले होते.

सौ. बराच वेळ त्या बाईसमोर उभी राहिली. मेहुण्याची बायको बाळाला घेऊन पुढे निघून गेली, तिला बघवेना.

हे कलावंत घानाचे असणे हा योगायोग नव्हे. घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला आहे, तो पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला. तोच पोर्तुगीज जो पुढे आपल्या वसईला, चौलला, गोव्याला आला. जवळच केप कोस्टचा किल्ला, तो सतराव्या शतकात इंग्रजांच्या हाती आला. वर गव्हर्नर आणि व्यापारी राहात, खाली तळघरात माणसे कोंबलेली असत, जहाज येईपर्यंत. युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोट माणसे जहाजांत भरली, त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत पहिली आफ्रिकी माणसे १६१९ साली उतरवली गेली. त्या व्यापारात चलन म्हणून लोखंडाच्या पट्ट्याही चालत. किनाऱ्यावर लोखंड द्यायचे, माणूस घ्यायचा, आणि त्याला लोखंडातच बांधायचा.

केप कोस्टहून हा धंदा करणाऱ्या इंग्रजी रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक मोठा अधिकारी एडवर्ड कोल्स्टन. त्याने कमाईतून शाळा, दवाखाने काढले, म्हणून ब्रिस्टल शहराने १८९५ साली त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला. ब्राँझ असे गंजत नाही, फार तर हिरवट पडते, म्हणून मोठ्या लोकांचे पुतळे त्याचे करतात. ७ जून २०२० रोजी लोकांनी तो दोर लावून पाडला आणि बंदरात बुडवला. नंतर बाहेर काढून तो तिथल्याच संग्रहालयात ठेवला, उभा नव्हे, आडवा, आणि अंगावरचे रंगाचे डाग न पुसता. डाग न पुसण्याची अक्कल ज्याला सुचली त्याला आमचा सलाम.

आणखी एक गोष्ट. घाना म्हणजे इंग्रजांचे गोल्ड कोस्ट ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाले. त्या सोहळ्याला मॉन्टगोमेरीच्या त्या विटांच्या चर्चचे तरुण उपदेशक डॉ. किंग मुद्दाम गेले होते. साठ-एकसष्ट वर्षांनी त्या देशाचा कलावंत साखळ्या घेऊन मॉन्टगोमेरीला आला.

टेकाडावरची मुख्य वास्तू चौकोनी आहे, मध्ये हिरवळ, भोवती छप्पर असलेले चार रुंद सोपे. पहिल्या सोप्यात पाऊल टाकले की खांबांच्या रांगा सुरू होतात. प्रत्येक खांब पुरुषभर उंच, सपाट पेटीसारखा. प्रत्येकावर एका काउंटीचे नाव. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, तालुका म्हणा. त्याखाली तिथे मारलेल्यांची नावे आणि तारखा लोखंडात कोरलेल्या. कुठे एकच नाव, कुठे आडनावे सारखी, म्हणजे एका घरातली. कुठे नावाच्या जागी ‘अज्ञात’. सुरुवातीला खांब जमिनीवर उभे आहेत असे वाटते, माणूस माणसासमोर उभा राहावा तसे. आपण त्यांच्यामधून वाट काढीत जातो. पुढच्या सोप्यात लाकडी जमीन उतरू लागते, खांब मात्र आहेत त्याच उंचीवर राहतात. आधी ते गुडघ्याशी अधांतरी दिसतात, मग कमरेशी, मग डोक्यावर. तेव्हा कळते की ते उभे नाहीत, टांगलेले आहेत. शेवटी मान वर करून पाहावे लागते. जमाव जसा मान वर करून पाहात होता तसे.

लोखंड कॉर-टेन नावाचे आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, पण वडिलांमुळे या गोष्टीत रस. या पोलादात तांबे, क्रोमियम, निकेल अल्प प्रमाणात घातलेले असते. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यासारखा सुटतो, त्यामागे पाणी शिरते आणि तो आत आत खात जातो. हाच गंज काढण्यात वडिलांची हयात गेली. कॉर-टेनचा गंज मात्र घट्ट आणि बारीक बसतो आणि खालच्या धातूला झाकतो, म्हणून रंग लागत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते निघाले आणि सुरुवातीला कोळशाच्या वाघिणींसाठी वापरले गेले. पण हा थर बसायला उन्हापावसाचे दोन-चार हंगाम जावे लागतात, तोवर पाऊस आला की तांबडे पाणी गळते. पाणी साचून राहिले, किंवा समुद्राची खारी हवा लागली, तर मात्र हेही खाल्ले जाते. आपल्या गोदीत टिकले नसते. खांब जवळून पाहिले तर एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. कुणी गव्हाळ, कुणी वीटकरी, कुणी जांभळट काळा. माणसांच्या कातडीचे असतात तितके रंग.

सोप्याच्या भिंतींवर छोट्या पाट्या आहेत. कोणाला, कुठे, कधी आणि कशाबद्दल, एवढेच एकेका वाक्यात. मेहुणा सौ.ला मराठीत सांगत होता. १८९४, केंटकी राज्य, केलेब गॅडली, मालकाच्या बायकोच्या मागून चालला म्हणून. १९३३, बर्मिंगहॅम, एलिझाबेथ लॉरेन्स, दगड मारणाऱ्या गोऱ्या पोरांना रागावली म्हणून. १९१८, जॉर्जिया, मेरी टर्नर, नवऱ्याला मारले त्याबद्दल तक्रार केली म्हणून, पोटातल्या बाळासह. मग एक पाटी आली. जेसी थॉर्नटन, १९४०, लुव्हर्न, इथून तासाभराच्या अंतरावरचे गाव. गोऱ्या पोलिसाला हाक मारताना ‘मिस्टर’ म्हटले नाही म्हणून.

‘म्हणजे जोहार घातला नाही,’ सौ. म्हणाली.

आजच्या मुलांना जोहार ठाऊक नसेल. पाटलासमोर, सावकारासमोर गेले की आपल्या आजोबा-पणजोबांना वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. सौ.च्या आजोबांचे थोरले भाऊ एका सभेला जाऊन आले आणि त्यांनी जोहार सोडला. नुसता रामराम घालू लागले. काही महिन्यांनी गावच्या विहिरीत सापडले. पाय घसरून पडला, असे पंच म्हणाले. ज्या विहिरीला आपल्याला हात लावू देत नसत तिच्या काठावर ते कशाला गेले होते, हे कुणी विचारले नाही. सौ.ने हे लहानपणी आजीकडून ऐकलेले. आम्हांला लग्नाला बावीस वर्षे झाली, तिने आम्हांला हे कधी सांगितले नव्हते. तिथे, त्या लटकत्या खांबांखाली उभी राहून सांगितले.

शेवटच्या सोप्यात एका लांब भिंतीवरून सतत पाणी उतरत असते. ज्यांची नावे कुठल्याच कागदात सापडली नाहीत अशा हजारोंसाठी ती भिंत आहे. सौ. भावाला म्हणाली, ‘आपल्या थोरल्या आजोबांचं नाव काय रे होतं?’ त्याला ठाऊक नव्हते. तिलाही नव्हते. आजी नेहमी ‘थोरले’ एवढेच म्हणायची.

बाहेर आलो तर उतारावर आणखी खांब, आडवे, ओळीने, शवपेट्या मांडाव्यात तसे. आतल्या प्रत्येक खांबाची ही जोडी आहे. कल्पना अशी की प्रत्येक काउंटीने यावे, आपल्या नावाचा खांब मागून न्यावा आणि आपल्या गावात लावावा. आम्ही गेलो तेव्हा ओळीच्या ओळी तिथेच होत्या. हे आतल्यांपेक्षा जास्त गंजलेले दिसले, कारण यांच्यावर छप्पर नाही. ज्याने नेला नाही त्याचे नाव ऊनपाऊस खात सगळ्यांसमोर पडून आहे. आपल्याकडे असे काही मांडले तर कुठला जिल्हा आपला खांब उचलून नेईल, असे मेहुणा म्हणाला. आम्ही दोन-तीन नावे घेतली आणि मग गप्प बसलो.

संस्थेचे संग्रहालय खाली गावात आहे. तिथे काचेच्या शेकडो बरण्या मांडल्या आहेत. जिथे जिथे माणूस मारला तिथली माती नातेवाइकांनी, गावकऱ्यांनी खणून आणली आणि बरणीत भरली, वर नाव आणि तारीख. काळी, पिवळी, वाळूची, आणि अलाबामाची ती रस्त्यात पाहिलेली लाल. मातीचा तो लाल रंगही लोखंडाच्या गंजाचाच असतो. तिसरी जागा नदीकाठी आहे, मार्च २०२४ मध्ये उघडलेले शिल्पोद्यान. तिथे ४३ फूट उंच भिंतीवर १,२२,००० आडनावे आहेत. गुलामगिरी संपल्यावर १८७० च्या खानेसुमारीत मुक्त झालेल्यांनी पहिल्यांदा सरकारदरबारी सांगितलेली. पाय दुखत होते, बाळ रडत होते, तिथे अर्धा तासच मिळाला.

परतताना गाडीत आम्ही मेहुण्याला सांगितले की महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंची गुलामी मोडली त्यांना अर्पण केली होती. पुण्यात बसून त्यांना हे कळत होते. पण त्याच १८७३ च्या आगेमागे अलाबामात झाडांना माणसे टांगली जात होती, हे अर्पणपत्रिका वाचताना आम्हांला कधी सुचले नव्हते. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. अर्ज, प्रती, नोंदी. आम्ही कारकून आहोत म्हणून असेल, पण हे आम्हांला फार जवळचे वाटते.

मुंबईला परत आल्यावर सौ.ने गावी आत्याबाईंना फोन लावला. वय ८६. ऐकू कमी येते, दोनदा ओरडून सांगावे लागले. त्यांनी नाव लगेच सांगितले. साल सांगता येईना, ‘माझ्या जन्माच्या आदल्या नाहीतर त्याच्याही आदल्या वर्षी’ एवढेच. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म १९३८ चा, पण ते साल मास्तरांनी घातलेले.

तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुके असतात हे जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्या वाचकांना माहीत आहे. आम्ही वस्तीतल्या कितीतरी पोरांसाठी त्यांचे उतारे काढून दिले आहेत. गावातला जन्ममृत्यू त्यांत लिहिलेला असे, बहुधा मोडीत, आणि वर्दी देणारा गावकामगार पुष्कळदा आपल्यातलाच. १९३४ ते १९३९ अशा सहा वर्षांच्या बुकांसाठी आम्ही अर्ज दिला आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक बरोबर यायला तयार झाले आहेत. त्या बुकात मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो. त्यात काय लिहिले आहे ते पाहायचे आहे.